तीन किल्ल्या एका कमरेला नकोत!

राज्यघटनेचे नाव निघाले की आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस गप्प बसविण्याची एक जुनी युक्ती आहे. "अहो, ती दिल्लीच्या पंडितांची पोथी! ३९५ कलमे आणि ८ अनुसूच्या घेऊन जन्मलेली. रुमण्यावर हात असणाऱ्याने तिच्यात काय पाहावे?" असे कोणी शहाणा म्हणतो आणि आपली माणसे माना डोलावतात. वेदांविषयी पूर्वी हीच भाषा होती. कुलकर्ण्याच्या दप्तराविषयीही हीच होती. ज्या कागदात रयतेचा जीव अडकलेला असतो तो कागद रयतेला कळू नये, यात ज्याचा फायदा असतो तोच असे बोलतो. सबब आज आम्ही घटनेविषयी चार रोखठोक शब्द लिहितो. आणि दूरच्या मुलखाची उदाहरणे न घेता आपल्या मराठवाड्याच्या, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या अनुभवावरून लिहितो.

राज्य चालविणे म्हणजे मुख्यतः तीन कामे. ती कालव्यावरच्या शेतकऱ्यास समजावून सांगावयास नकोत. पाणी कोणाला, किती आणि कोणत्या पाळीने द्यावयाचे हा नियम करणे, हे पहिले काम. त्या नियमाप्रमाणे दार उघडणे व बंद करणे, हे दुसरे. आणि कोणी म्हणाला की माझी पाळी मारली, तर दोन्ही बाजू ऐकून निवाडा देणे, हे तिसरे. आता समजा, नियम करणारा, दार उघडणारा आणि निवाडा देणारा एकच पाटकरी आहे. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी पोचेल काय? तो तक्रार करील ती कोणाकडे? ज्याने पाणी तोडले त्याच्याकडेच! पाटकरी देवमाणूस निघाला तर गोष्ट निराळी. पण देवमाणसाच्या भरवशावर ऊस लावणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

घटनेने ही तीन कामे तीन हातांत दिली. नियम करावयाचे ते संसदेने व विधिमंडळाने. अंमल करावयाचा तो मंत्र्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या कलेक्टरापासून तलाठ्यापर्यंतच्या नोकरवर्गाने. निवाडा द्यावयाचा तो न्यायालयांनी. तिजोरीला तीन कुलुपे आणि तीन किल्ल्या तिघांच्या कमरेला, असा हा प्रकार आहे. तिजोरीचा मालक या तिघांपैकी कोणीच नाही. मालक आपण, मत देणारी रयत. तिन्ही किल्ल्या एका कमरेला गेल्या की मालकाची अवस्था काय होते, हे मराठवाड्याइतके कोणास ठाऊक असणार?

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे कायदेमंडळ नव्हते काय? होते. १८९३ पासून होते. मंत्रिमंडळ? तेही १९१९ पासून 'बाब-ए-हुकूमत' या नावाने होते. न्यायखाते? १९२१ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी ते मुलकी कारभारापासून वेगळे काढले. ब्रिटिश हिंदुस्थानातले पुढारी तेव्हा हीच मागणी वर्षानुवर्षे करीत होते व ती पुरी होत नव्हती. याबद्दल निजामाची वाहवा करणारे आजही भेटतात. गोष्ट खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. पण या तिन्ही खोल्या एकाच वाड्यात होत्या आणि वाडा धन्याचा होता. कायदेमंडळात सरकारी अंमलदार व नेमलेले लोक यांचाच भरणा. मंत्री जबाबदार ते निजामास, रयतेस नव्हे. आणि या सर्वांच्या डोक्यावर एक शब्द होता, 'फर्मान'. तो निघाला की कायदाही तोच, हुकूमही तोच आणि निकालही तोच.

हे आमच्या मनचे बोलणे नव्हे. एका हैदराबादी नवाबाच्या वारशाचा तंटा पुढे भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या एका वारशाच्या कामी एक फर्मान निघावे आणि दुसऱ्याने ते फिरवावे, असा खेळ झालेला होता. १९५५ साली निकाल देताना न्यायालयाने स्वच्छ नोंदविले की, निजाम हाच सर्वोच्च कायदा करणारा, हाच सर्वोच्च न्याय देणारा आणि हाच अंमलदारांचाही प्रमुख होता, व त्याच्या सत्तेस घटनेची कसलीही मर्यादा नव्हती. नवाबाच्या घरच्या बायकांचा हक्क जर फर्मानाच्या वाऱ्यावर डोलत होता, तर सिल्लोडच्या कुणब्याची आणि पैठणच्या विणकराची काय कथा? मोठ्या जहागिरींत तर जहागिरदाराचेच पोलीस आणि जहागिरदाराचीच अदालत. वेठीला नेणारा तोच आणि वेठीची तक्रार ऐकणारा तोच! शिवाय दप्तर उर्दूत. मराठी रयतेला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या ओट्यावर बसावे लागे.

अशा राजवटीत तक्रारीला जागा कोठे? १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. मूल जन्मण्याआधीच त्याला शिक्षा! त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी चळवळ केली, तर त्यांस शिक्षणास मुकावे लागले. पुढे रझाकारांचा अंमल आला, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने तो संपला. पण त्या कारवाईच्या आगेमागेही किती निरपराध भरडले गेले! आधी रझाकारांनी हिंदू रयत लुटली व मारली. नंतर सूडाच्या नावाने गरीब मुसलमान रयत मारली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तो सर्व प्रकार सरकारला कळविला. कायदा व न्यायालय यांचा दरारा उडाला म्हणजे ज्याच्या हातात तलवार त्याचेच राज्य होते, आणि त्यात मरतो तो दोन्हीकडचा गरीबच.

आता घटनेच्या जन्माकडे वळू. घटना समितीची पहिली बैठक दिल्लीस ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली. जवळजवळ तीन वर्षे शब्दाशब्दाचा कीस पडला. या सबंध काळात हैदराबादच्या जागा रिकाम्या राहिल्या. मराठवाड्याच्या वतीने हात वर करणारा एकही माणूस त्या सभेत नव्हता. आणि घटना आपल्या मुलखास लागू झाली ती कशी? २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढले की भारताची घटना हीच हैदराबादची घटना होईल. फर्मानाची सद्दी संपली तीही फर्मानानेच! २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि कालचा निजाम राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत त्याच गादीवर बसून राहिला.

यावरून काही बोलघेवडे म्हणतात, "तुम्हांला घटना आयती मिळाली. ती तुमची नव्हेच. शिवाय आहे तरी काय तीत? सारी इंग्रजांची नक्कल!" या दोन्ही आक्षेपांस उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

नक्कलेचे आधी पाहू. संसदेची रीत विलायतेची, सर्वोच्च न्यायालय व मूलभूत हक्क यांचा नमुना अमेरिकेचा, निर्देशक तत्त्वांची कल्पना आयर्लंडची, आणि कारभाराचा पुष्कळसा सांगाडा १९३५ च्या कायद्याचा, हे सर्व खरे. पण सुताराने करवत कोणत्या गावच्या बाजारातून आणली, हे विचारून कोणी त्याचा नांगर परकीय ठरवितो काय? नांगर कोणत्या रानासाठी केला, हे पाहावयाचे. अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारे १७ वे कलम विलायतेच्या कोणत्या कायद्यातून उचलले? ती आपल्याच मातीतली जखम आणि आपल्याच मातीतले औषध. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. तीच १९५० साली घटनेत निर्देशक तत्त्व म्हणून आली आणि २००२ च्या दुरुस्तीने मुलांचा मूलभूत हक्क झाली. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. घटनेच्या १६ व्या कलमात मागासवर्गांसाठी जागा राखण्याची जी मुभा आहे, ती वाचताना महाराजांची आठवण होत नाही असा मराठी माणूस विरळा. विद्वानांनी विलायतेची पुस्तके पाहिली असतील; पण आपल्या थोरांनी जी वाट मळून ठेवली होती तिच्यावरूनच ते चालले.

दुसरा आक्षेप आयतेपणाचा. त्या सभेत मराठवाड्याचा प्रतिनिधी नव्हता. पण आपल्या वर्गाचा आवाज नव्हता असे कोण म्हणेल? मसुदा समितीच्या अध्यक्षपदी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले केशवराव जेधे होते. शेतकऱ्यांचे कैवारी डॉक्टर पंजाबराव देशमुख होते. ती सभा मोजक्या मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक कायदेमंडळांतून आली होती, तरी तिने मताचा हक्क मात्र प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास दिला. शेतसारा किती, घर केवढे, अक्षर येते की नाही, यांपैकी काही विचारले नाही. १९५२ साली मराठवाड्यातली मोलकरीण व जहागिरदार एका रांगेत उभे राहिले आणि दोघांच्या मताचे वजन सारखे भरले. फर्मानाने आलेल्या घटनेवर रयतेने आपला शिक्का मारला तो त्या दिवशी. त्याच्या आधीच १९४९ साली जहागिरी मोडल्या गेल्या होत्या आणि १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला होता. घटना लागू झाली त्याच १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले. घटना लिहिणाऱ्याने तिची शाळा आपल्या दारात उघडली, मग ती परकी कशी?

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. किल्ल्या वेगळ्या कराव्यात असे कागदावर लिहिल्याने त्या वेगळ्या होत नाहीत. ५० व्या कलमाने सांगितले की न्यायखाते कारभारापासून वेगळे करावे. पण फौजदारी न्याय व मुलकी कारभार यांची फारकत देशभर एका कायद्याने झाली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, आणि ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. चोवीस वर्षे! सत्ता आपल्या कमरेची किल्ली आपण होऊन काढून देत नाही. ती मागावी लागते, आणि पुन्हा पुन्हा मागावी लागते. आपल्या शहरातल्याच तीन गोष्टी घ्या.

पहिली न्यायाची. १९५६ पर्यंत वरच्या अपिलास आपली माणसे हैदराबादेस जात. त्यानंतर मुंबईस. तीनशेहून अधिक किलोमीटर जावयाचे, वकिलाच्या जिन्यावर बसावयाचे, तारीख पुढे गेली की परत यावयाचे. बैल विकून न्याय घ्यावयाचा तो कोणी? मराठवाड्याने खंडपीठाची मागणी लावून धरली. अखेर २७ ऑगस्ट १९८१ पासून मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने मुंबई उच्च न्यायालयाचे काम औरंगाबादेत बसू लागले. त्यालाही विरोध झाला, खटला झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला आणि १९८४ साली कायम खंडपीठ झाले. आज कन्नड-वैजापूरचा शेतकरी सकाळच्या एस.टी.ने निघून २२६ व्या कलमाखाली सरकारविरुद्ध दाद मागू शकतो. ही किल्ली मागितल्याने मिळाली.

दुसरी गोष्ट अमलाची. मराठवाडा विद्यापीठास डॉक्टर आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. लोकांच्या प्रतिनिधींनी शब्द दिला. पुढे? मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलितांची घरे जळाली, आणि सरकारने अंमल गुंडाळून ठेवला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. पंधरा वर्षांहून अधिक काळ ठराव कागदावर राहिला. कायदेमंडळ बोलले आणि कार्यकारी मंडळ झोपले, तर बोलण्याचे मोल काय, हे यावरून समजावे.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची आणि आमच्या मते सर्वांत घातक. घटनेची ७३ वी व ७४ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिने गावपंचायत, जिल्हा परिषद व नगरपालिका यांस घटनेत जागा दिली. त्यांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. असे असता आपल्या शहराच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि प्रशासक बसला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेथेही तेच. आधी महामारीचे कारण होते. पुढे इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात अडकला. कारणे खोटी नव्हती. पण पाच वर्षांहून अधिक काळ शहरास निवडलेली सभा नव्हती हेही खोटे नाही. ठराव करणारा प्रशासक आणि ठरावाचा अंमल करणारा प्रशासक! नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होते आणि जाब विचारावयास वॉर्डाचा नगरसेवक नव्हता. खेड्यात शाळेचे पत्रे गळत होते आणि जिल्हा परिषदेचा सदस्य 'माजी' झालेला होता. मुंबईची सरकारे या काळात बदलली. प्रशासक मात्र हलले नाहीत. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, तेव्हा चाके फिरू लागली.

आम्ही विचारतो, सत्ताधारी असोत की विरोधक, यांपैकी किती जणांनी त्या रिकाम्या सभागृहांसाठी रान उठविले? आमदारकीचे तिकीट एक दिवस लांबले तर मुंबईपर्यंत धावणारे हे वीर, रयतेची सभा पाच वर्षे बंद राहिली तेव्हा कोठे होते? न्यायालयांसही आम्ही विचारू, की निवडणुकीचा वाद इतकी वर्षे तारखांवर का राहावा? आणि जे म्हणतात की "प्रशासक बरा, नगरसेवक तरी काय दिवे लावतात", त्यांस आमचे सांगणे असे की, वाईट नगरसेवक पाच वर्षांनी घरी बसविता येतो. प्रशासकास घरी बसविण्याचे बटण कोणत्या मतदानयंत्रावर आहे, ते दाखवा! हीच भाषा निजामाच्या हुजरेगिरीत रमलेले लोकही बोलत. धनी चांगला आहे, मग सभा कशाला?

बंधूंनो आणि भगिनींनो, नुसता संताप कामाचा नाही. चार गोष्टी आजपासून करावयाच्या.

ग्रामसभेला बसा आणि आयाबहिणींस बरोबर न्या. आपण घरी राहिलो तर ठराव कोणाच्या तरी ओसरीवर लिहिला जातो आणि खाली आपल्या सह्या मागितल्या जातात. कोणत्या सभेची मुदत केव्हा संपते, ती तारीख गावाच्या पारावर लिहून ठेवा, आणि सहा महिने आधीपासून विचारू लागा की निवडणूक कधी. जमिनीच्या भांडणात तलाठी व तहसीलदार यांच्या दारातच आयुष्य घालवू नका. सातबाऱ्यावरची नोंद सारावसुलीच्या कामासाठी असते. मालकीचा निवाडा देण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे. आणि वकिलाला पैसा नाही म्हणून न्याय सोडू नका. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार आणि ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्नाची माणसे यांस मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेथे जाऊन विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे, ते आपले आहे.

फर्मानाचे दिवस पाहिलेली पिढी आता मावळत आली. तिच्या नातवंडांस फर्मान हा शब्द केवळ धड्यातला वाटतो. पण बंद सभागृह, निजलेला ठराव आणि वर्षानुवर्षे पुढे जाणारी तारीख, ही फर्मानाचीच नवी रूपे आहेत. ती ओळखा. घटनेचे पुस्तक मराठीत मिळते. घरात मुलगा किंवा मुलगी वाचती असेल तर रोज संध्याकाळी तिचे एकेक कलम मोठ्याने वाचवून घ्या. जेथे अडेल तेथे गावातल्या शिक्षकाला विचारा, वकिलाला विचारा, आणि ज्याला मत दिले त्याला तर अवश्य विचारा. मालकाने आपल्या तिजोरीची कुलुपे तपासली पाहिजेत. किल्ल्या कोणाकोणाच्या कमरेला आहेत हे ज्या दिवशी तो विचारीनासा होईल, त्या दिवशी तिन्ही एका कमरेला गेल्याच म्हणून समजावे.